गुठळीतल्या तारखा

ज्या काळात माणसाचं हृदय दवाखान्याच्या भिंतीवर खोलीएवढं मोठं करून दाखवत, त्या काळातली ही गोष्ट. सांगलीच्या हळदबाजारातली अडत्या मृण्मयी आरवाडे त्या भिंतीसमोर बसली होती. बाईचा आवाज असा, की तिनं साधं खोकलं तरी मार्केट यार्डातले पारवे उडत. पलंगावर नवरा, तन्मय. तीन आठवड्यांपूर्वी लकव्याचा झटका आला आणि वाचा गेली, उजवं अंग गेलं.

"ही डाव्या कप्प्याला लोंबणारी पिशवी," डॉक्टर कौलगुड म्हणाले. "हृदय नीट आकसायचं सोडून थरथरलं की रक्त इथं साचतं. त्याची गुठळी होते. तुकडा सुटून मेंदूत गेला की झटका."

"ते कळलं. पण थरथरलं का?"

"त्यासाठीच हे पदरचित्र. गुठळी कांद्यासारखी पदरापदरानं वाढते. आम्ही एकेक पदर सोलून त्याची तारीख वाचतो, वेळसुद्धा." त्यांनी चष्मा पुसला. "रोज संध्याकाळी सहा वाजून दहा मिनिटं. रविवार सोडून. काय होतं तेव्हा?"

मृण्मयी म्हणाली, "मी घरी येते."

"आणि गेले तीन आठवडे दिवसभर पदर धरतायत."

"तुम्हीच म्हणालात ना, पेशंटशी बोलत राहा?"

डॉक्टरांनी बोलून बघा अशी खूण केली. तिनं हळूच हाक मारली, "अहो." भिंतीवरची पिशवी पाखरासारखी फडफडली.

"आनंदानं की धसक्यानं?" तिनं विचारलं.

"यंत्राला थरथर दिसते. तिचं नाव नाही कळत."

"मग औषध द्या."

"रक्त पातळ केलं तर मेंदूत रक्तस्राव होईल. गुठळी काढायची तर भूलही झेपायची नाही. आणखी दोन-चार पदर धरले, तर पुढचा झटका शेवटचा."

"एवढंच ना? नाही बोलत."

गप्प राहून बोलणं तर तिचा धंदाच होता. हळदीचा वास यंत्रं घेऊ लागली, तरी सौदा रुमालाखालीच व्हायचा. दोघांचे उजवे हात कापडाखाली, बोटं दाबून भाव सांगायचा, तोंडातून अक्षर नाही. नवराबायकोनं घरातही चाळीस वर्षं हेच केलेलं. तिनं कमरेचा रुमाल काढला, सवयीनं त्याचा उजवा हात धरला आणि कापड टाकलं. एक बोट दाबलं, म्हणजे राहू? दोन दाबली, म्हणजे जाऊ?

पिशवी फडफडली. म्हणजे आवाजाचा दोष नव्हता.

आणि रुमालाखाली त्याची मूठ तिच्या बोटांभोवती घट्ट मिटली. मृण्मयीचे डोळे भरून आले. "बघितलंत? राहा म्हणतायत."

डॉक्टर खाली बघत म्हणाले, "बाई, तो हात आता त्यांच्या ताब्यात नाही. लकव्यात मूठ आपोआप आवळते. डाव्या हातात विचारा, तो शाबूत आहे."

डावा हात पांघरुणावर उताणा होता, पंजा उघडा. तन्मय तिच्याकडे टक लावून बघत होता. एवढ्या वर्षांत बाजारात तिनं भाव विचारायला कधी कच खाल्ली नव्हती.

तिनं डाव्या हाताला हात लावला नाही. उजवी मूठ तिची बोटं सोडेना, तीही सोडवेना. भिंतीवर, पिशवीच्या तळाशी, आजच्या तारखेचा पदर धरू लागला होता.