सावकाश चालव

वारा काही पहाटेपर्यंत पडायचा नाही. विमान आज येत नाही, बसा स्वस्थ. चहा घ्या.

मघाशी विचारलंत ना, रेझोल्युटहून इथं ग्रीस फियर्डला किती वेळ लागतो? पावणेचारशे किलोमीटर. दीड तास. एकदा मात्र पाच लागले. लुकासी पायलटनं स्वतः मला सांगितलंय, आणि तो बाता मारणारा माणूस नव्हता.

जानेवारीची अठरा तारीख. दुपारचे दोन, म्हणजे आपल्याकडे ध्रुवाजवळ हिवाळ्यात काळोखच, सूर्य उगवतच नाही. काम साधं होतं. आलुकीला आणि तिच्या मुलाला घरी आणायचं. मुलगा, तेमेला, शवपेटीत. दक्षिणेत शहरात कामाला होता, तिथंच गेला.

त्याच्या तीन वर्षं आधी तो बापाबरोबर शिकारीला गेला होता. पायाखालचा समुद्रावरचा बर्फ फुटला. बाप बुडाला, पोरगा एकटाच परत आला. आणि दुःखाच्या भरात आई बोलून गेली, "तू तरी कशाला आलास?" पुढच्याच विमानानं तो दक्षिणेत निघून गेला. नंतर फोन नाही, निरोप नाही.

चढताना ती लुकासीला एवढंच म्हणाली, "सावकाश ने रे, बाबा. उतरलो की लोक त्याला घेऊन जातील."

त्यानं मान हलवली.

विमानात तिघंच. तो पुढं, ती मागं पेटीशेजारी. चांदणं नव्हतं. थोड्या वेळानं मागून तिचं बोलणं ऐकू येऊ लागलं. प्रार्थना करत असेल, असं त्याला वाटलं. मग ती गप्प व्हायची. जरा वेळानं पुन्हा बोलायची. जसं कुणी ऐकून घेऊन उत्तर देतं, तसं.

मग ती हसली.

लुकासीच्या अंगावर काटा आला. त्यानं मागं पाहिलं नाही. नजर समोर... दिवे दिसतात का तेवढं बघत राहिला.

आणि अगदी कानामागून पुरुषाचा आवाज आला. हळू.

"दादा... सावकाश चालव. आमचं बोलायचं राहिलंय."

...

त्यानं वेग कमी केला. का केला, ते त्यालाही सांगता यायचं नाही.

इकडे धावपट्टीवर आम्ही. तीन तासांचं इंधन भरून निघालेलं विमान. चार झाले, पाच झाले. रेडिओ मुका. सहाला बायका रडायला लागल्या. सातला दिवा दिसला.

लुकासी उतरला तो विचारत, "सगळे रडता का? वेळेवर तर आलो." त्याच्या घड्याळात साडेतीन वाजले होते. टाकी निम्मी भरलेली.

मागून आलुकी उतरली. मी हात दिला. तिची बोटं संधिवातानं वाकडी झालेली, सुईसुद्धा धरवत नव्हती. तिचे मोकळे केस लुकासीनंच निघताना टोपीत सारून दिले होते.

तिनं टोपी काढली. चेहरा शांत. रडून झाल्यावर होतो तसा.

केसांची एक वेणी घातलेली होती. घट्ट, नीट.

दुसरी अर्धीच राहिली होती.