एकशे ब्याऐंशी मिलिमीटर

बसा, पण मधे कुणी हसायचं नाही. हे माझ्या सख्ख्या साडूवर गुदरलंय, ऐकीव नाही.

साडू आमचा एका आडगावच्या छोट्या सरकारी कृषी विद्यापीठात शिपाई. साहेबांचं बोलणं संपायच्या आत हा 'हो साहेब' म्हणायचा, म्हणून पोरांनी त्याचं नावच होसाहेब पाडलेलं.

गेल्या डिसेंबरची अकरा तारीख, गुरुवार. रात्री सव्वाअकराला कुलसचिवांनी त्याला बंगल्यावर बोलावलं. "उद्या चौकशी समिती येतेय. वेधशाळेतून दोन वर्षांपूर्वीचं पावसाचं रजिस्टर घेऊन ये. आणि काडेपेटी आण येताना."

"हो साहेब," म्हणत यानं सायकल काढली.

"कसली चौकशी, काका?"

तेच सांगतोय ना! वेधशाळा म्हणजे काय, तर कुंपणात एक पर्जन्यमापक, पाणी वीस-वीस मिलिमीटरनं मोजायचं भांडं आणि शेजारी खोली. तिथं पाऊस मोजणाऱ्या निरीक्षकाला सगळे थेंब्या म्हणायचे. दोन वर्षांपूर्वी ऑगस्टातल्या एका रात्री आभाळ फाटलं. थेंब्यानं बंगल्यावर फोन केला. तिथं रात्रपाळीला होसाहेबच होता.

"एकशे ब्याऐंशी मिलिमीटर झालाय! ओढा मजुरांच्या चाळीत शिरणार. साहेबांना उठव, टेकडीवरचा हॉल उघडायला सांग!"

साहेब जागेच होते. कूस बदलत म्हणाले, "झोपलेत म्हणून सांग. पाहुण्यांसाठी गालिचे घातलेत तिथं. चिखल नकोय मला."

गालिचे! ऐकताय ना?

होसाहेबानं तसं सांगितलं. थेंब्या एकटाच धावला. एकोणीस माणसं बाहेर काढली, विसाव्या म्हातारीसाठी परत गेला, तो गेलाच. आणि त्या नालायकांनी त्याच्या कागदावर काय लिहावं? 'परवानगीविना कामाची जागा सोडली.' ते एक वाक्य खोडून घ्यायला त्याच्या बायकोनं दोन वर्षं खेटे घातले, तेव्हा कुठं ही समिती नेमली. रजिस्टरात मात्र थेंब्याच्या हातची नोंद होती. आकडा, वेळ, आणि 'साहेबांना कळवले.'

तर होसाहेबानं खोली उघडली. रजिस्टर काखेत मारलं. बाहेर कोरडी थंडी, आभाळात ढगाचा ठिपका नाही.

कुंपणाचं फाटक करकरलं.

पाणी ओतल्याचा आवाज…

"वीस…"

कुणीतरी मोजत होतं. सावकाश.

"चाळीस…"

पुन्हा पाणी.

"साठ…"

आवाज ओळखीचा. थेंब्याचा.

"एकशे साठ… एकशे ऐंशी…"

मग थेंब. एक. दोन.

खिडकीशी कुणीतरी आलं. दिसलं काहीच नाही.

"साहेब उठले का?"

"उठले का रे?"

"जागेच होते," होसाहेब कसाबसा म्हणाला. "मी… मी खोटं बोललो."

कुंपणाचं फाटक लागलं.

साडू सांगतो, भीती तिथंच संपली. उरला तो संताप. आधी स्वतःचा, मग त्या गालिचेवाल्याचा. सायकल बंगल्याकडे वळवलीच नाही, थेट थेंब्याच्या घरी नेली. दार उघडलं तेव्हा एक वाजून गेला होता.

"वहिनी, हे रजिस्टर धरा. उद्या मी तुमच्याबरोबर येतो. सगळं सांगतो."

सांगितलंही. समितीनं ते वाक्य खोडलं.

साहेब मात्र आलेच नाहीत. दुपारी बंगल्याचं दार फोडलं. साहेब पलंगावर उभे, भिंतीला पाठ लावून. डोळे सताड. वाचा बसलेली.

टेकडीवरचा बंगला तो. बाहेर धूळ उडत होती. आणि त्या खोलीच्या चारही भिंतींवर, छातीइतक्या उंचीला, गाळाची एक सरळ रेघ.

ओली.