दोन्ही भाषांत एकच

बस शहराबाहेर पडली, दोन्ही बाजूंना भाजीचे मळे लागले, तेव्हा कुठे भिंगरीच्या डोक्यात प्रकाश पडला की आपण भलत्याच गावाला निघालोय!

"पण भोंग्यावर तर फलाट चार म्हणाले!" ती कंडक्टरवर उखडली.

"मग भोंग्यालाच विचारा की बाई. मी काय करू?"

तिने तेच केलं. पुढच्या थांब्यावर उतरली, मिळेल त्या गाडीने परत आली आणि बसस्थानकाचा लोखंडी जिना दणदण चढून थेट घोषणांच्या खोलीत शिरली. आत मायक्रोफोनपुढे एक किडकिडीत तरुण बसला होता. चष्म्याची एक काच आडवी तडकलेली, कागद जवळजवळ नाकाला टेकलेला.

"चार म्हणालात तुम्ही! चार!"

त्याने दचकून कागद पाहिला. "अरे देवा... पाच होतं. हा कागद पुसट झालाय, त्यात ही काच... पण इंग्रजीचा कागद नवा आहे. इंग्रजीत पाचच म्हणालो होतो मी."

"इंग्रजी कळलं असतं तर बारावीला त्याच विषयात दोनदा आपटले असते का?"

बोलून गेली आणि तिने जीभ चावली. परक्या माणसाला कशाला सांगायचं हे! तो हसला. हसू तरी कसं, अगदी कसनुसं, चूक पकडलेल्या मुलासारखं. आणि भांडायला आलेली ही बया, तीही हसली. सगळा घोटाळा तिथेच सुरू झाला.

भिंगरी हे नाव काकांनी ठेवलेलं. काका म्हणजे ती कामाला होती त्या चष्म्याच्या दुकानाचे मालक. पोरगी एका जागी बसेल तर शपथ, म्हणून भिंगरी. काच घासणं, फ्रेम बसवणं, काड्या वाकवणं, सगळ्यात हात तयार. पण काकांनी नजर तपासायचं नवं मशीन आणलं होतं, आणि ते चालवायचं तर त्याचं शिक्षण घ्यायला हवं, आणि त्या शिक्षणाला बारावी पास लागायचं. इंग्रजीची लेखी परीक्षा कशीबशी निघायची. तोंडी परीक्षेत मात्र हिचं तोंडच उघडायचं नाही. एरवी दुकान डोक्यावर घेणारी पोरगी तिथे खांबासारखी उभी!

"या खेपेला पास झालीस तर मशीन तुझं," काकांनी बजावलं होतं. "नाहीतर मी बाहेरून माणूस आणणार. मग बस जन्मभर काड्या वाकवत."

तर त्या दिवशी निघताना तिने भोंग्यावरच्या त्या तरुणाला दुकानाचा पत्ता दिला होता, आणि दुसऱ्याच दिवशी दुपारच्या सुट्टीत तो तडकलेली काच घेऊन हजर. तिने नवी काच बसवून दिली, त्याने शिकवायचं कबूल केलं. तिने त्याचं नाव ठेवलं भोंगा. त्याला ते आवडलं, हे तिला जरा विचित्रच वाटलं.

भोंग्याचा नियम एकच. "एका शब्दात उत्तर द्यायचं नाही. पूर्ण वाक्य."

"आणि खरं काय ते इंग्रजीत सांगता आलं नाही तर?"

"मग खोटं सांग. परीक्षक काय घरी येणारेत चौकशीला? खरं-खोटं सोड. वाक्य पूर्ण कर."

दोघं लवकरच अरे-तुरेवर आली. रोज दुपारी काउंटरच्या अल्याड ती, पल्याड तो. अभ्यास संपला की तो चष्मा पुढे करायचा, "जरा सैल वाटतोय गं." ती त्याच्या कानामागे बोटं घालून काडी तपासायची. त्याचे कान लाल व्हायचे. काडी तर चांगली घट्ट असायची. मग हा रोज चष्मा का काढून देतो? आणि आपणही रोज मुकाट्याने तपासतो ते का?... तिला काही म्हणता काही कळेना.

एक दिवस त्याने इंग्रजीत विचारलं, तुझ्या घरच्यांविषयी सांग. आता आली का पंचाईत! आई, बाबा, ताई, एवढ्यावर तिची गाडी अडली. पण गाईडमध्ये जहाजावरच्या माणसाचा एक उतारा होता आणि तो तिला घडाघडा पाठ होता. मग तिने ठोकून दिलं की माझं लग्न ठरलंय, होणारा नवरा जहाजावर असतो, उंच आहे, धाडसी आहे. एकही चूक नाही! ती शाबासकीची वाट पाहत राहिली.

"छान..." तो म्हणाला. चष्मा पुसायचं फडकं काउंटरवरच विसरून निघून गेला.

दुसऱ्या दिवशी आला आणि म्हणाला, "बसा. आज तुम्हाला प्रश्न विचारतो."

तुम्ही? हा काय नवीन प्रकार? चष्माही पुढे केला नाही. इंग्रजीत तर तू आणि तुम्ही एकच, तिथे थांगपत्ता लागायची सोयच नाही. प्रश्नही भलतेच. जहाज परत कधी येणार? त्याची आठवण येते का? सराव म्हणून तीही ठोकत सुटली, रोज येते, समुद्र पाहिला की डोळे भरून येतात. शहरात समुद्र औषधालाही नव्हता, पण वाक्य पूर्ण होतं.

"काका, माणूस तूवरून तुम्हीवर कधी जातो हो?"

"भांडण झालं की."

"आणि भांडण झालंच नसेल तर?"

"झालं असणार. तुझ्या लक्षात आलं नसेल."

म्हणजे अजूनच गोंधळ! तोंडी परीक्षेच्या आदल्या दिवशी तर तो म्हणाला, "आता तुम्हाला माझी गरज नाही. आणि चष्माही... ठीक बसलाय." आणि निघूनही गेला. उद्याची परीक्षा विसरून ती त्या रिकाम्या दाराकडे बघत बसली. मला तो आवडतो, आणि मी त्याचं काय बिघडवलं हेच मला माहीत नाही... तिला रडूच आलं.

परीक्षेत बाईंनी इंग्रजीतून विचारलं, तुमच्या एखाद्या मित्राविषयी सांगा.

जहाज जिभेवर तयार होतं. पण आज काही केल्या ते पुढे सरकेना. ती अडखळत बोलायला लागली. माझा एक मित्र आहे. तो दिवसभर माणसांना योग्य गाडी सांगतो. सगळे त्याचा आवाज ओळखतात, त्याला कोणी ओळखत नाही. मी ओळखते. मध्ये चुका झाल्या, घामही फुटला, पण वाक्यं पूर्ण होती, आणि पहिल्यांदाच सगळी खरी होती.

संध्याकाळी कॉलेजच्या फळ्यावर तोंडीचा निकाल लागला. पास! ती दुकानात नाही गेली, घरी नाही गेली. थेट लोखंडी जिना.

"पास झाले!"

तो उठून उभाच राहिला. चेहरा उजळला आणि लगेच विझला. "अभिनंदन. त्यांना कळवलंत का?"

"कोणाला?"

"जहाजावर..."

"कुठलं जहाज?"

"तुमचा... होणारा नवरा."

 ती एकदम समोरच्या खुर्चीत बसली. "अरे, तो गाईडमधला! तूच म्हणालास ना, खरं-खोटं सोड म्हणून? स्वतःच नियम केलास आणि स्वतःच विसरलास?"

"म्हणजे... समुद्र, डोळे भरून येणं..."

"समुद्र मी बापजन्मात पाहिलेला नाही!"

तो मटकन बसला. कान लालभडक. "मला वाटलं... म्हणजे मी... तू..."

तू!  आता हसावं, रडावं की याला बदडावं, तिला ठरवता येईना. आवाज मात्र तिने कडक केला. "एका शब्दात चालणार नाही. पूर्ण वाक्य."

त्याने आधी मायक्रोफोनचं बटण बंद आहे ना ते पाहिलं, मग पुन्हा पाहिलं. चष्मा काढला, घातला. शहरभर आवाज पोचवणारा माणूस, पण त्या इवल्या खोलीतही जेमतेम ऐकू येईल असं म्हणाला, "मला तू खूप आवडतेस, आणि माझा चष्मा कधीच सैल नव्हता."

खाली फलाट पाचवर तिची गाडी सुटत होती. हॉर्न वाजला. ती जागची हलली नाही.

"आता इंग्रजीत," ती म्हणाली. "तुझं काय सांगावं? एका भाषेत चार सांगतोस, दुसरीत पाच. दोन्हीकडे एकच येतंय का, बघू दे मला."

त्याने इंग्रजीत सांगितलं. सावकाश, पूर्ण वाक्यात. ती डोळे मिटून ऐकत होती. एकही शब्द अडला नाही तिला.

"बरोबर," ती म्हणाली आणि हात पुढे केला. "आण तो चष्मा इकडे. जरा बघते."