गच्चीवरचं दुसरं पान

“काढा त्या बांगड्या, वहिनी! निदान आजच्या दिवशी तरी काढा!”

सर्वपित्री अमावस्येचा दिवस. गॅसवर खीर उकळत होती आणि स्वयंपाकघराच्या दारात मंजुषाची नणंद दीपमाला उभी होती... पुण्याहून नुकतीच आलेली, खांद्यावरची बॅगसुद्धा न उतरवलेली. मंजुषानं आपल्या हातांकडे पाहिलं. हिरव्या बांगड्या होत्या, कपाळावर टिकली, गळ्यात मंगळसूत्र. आणि नवरा जाऊन एक उन्हाळा, एक पावसाळा उलटून गेलेला! या नटण्यावर हर्सूलच्या त्या गल्लीत काय काय बोललं जातं, ते तिच्या कानावर येत होतं. पूर्वी तिचा जीव तुटला असता. आता आत काही हलतच नव्हतं.

“हळू बोला, ताई,” ती म्हणाली. “आई जाग्या हायेत.”

“आईचं निमित्त पुरे झालं! दादाच्या तेराव्याला तुमच्या डोळ्यात टिपूस नव्हता, तेव्हाच मी ओळखलं होतं. मी स्टेजवर खोट्या नवऱ्यासाठी दर प्रयोगाला रडते, वहिनी... आणि तुम्ही खऱ्यासाठी...”

दीपमाला नावाजलेली नटी होती. तिची विधवेची भूमिका पाहताना पहिल्या रांगेतल्या बायका पदर तोंडात कोंबून बसत. तिचं ते रडणं ढोंगी नव्हतं, एवढं तिच्या बाजूनं सांगायलाच हवं. पण पडदा पडला की तोंड धुऊन ती सगळ्यांबरोबर जेवायला बसायची. मंजुषाचा पडदा पडतच नव्हता, ही गोष्ट दीपमालाला कुणी सांगितली नव्हती, आणि तिनंही कधी विचारली नव्हती.

शिवराज खुलताबादच्या घाटात गेला. मोटारसायकल होती, समोरून ट्रक आला, आणि सगळं संपलं. त्याच्या आईची, आवडाबाईंची, स्मृती त्याआधीच विरत चालली होती. त्यांना सांगितलं तेव्हा त्यांनी जो आकांत मांडला, त्यानं भिंतीलाही पाझर फुटला असता! आणि दुसऱ्या दिवशी सकाळी उठून त्यांनी विचारलं, “शिवराज कुठंय गं?” पुन्हा सांगितलं. पुन्हा तोच आकांत, तितकाच ताजा... कारण त्यांच्यापुरता मुलगा आत्ताच, पहिल्यांदाच गेला होता. तेरावं होईपर्यंत रोज सकाळी हेच! मग एके दिवशी मंजुषानं तोंड धुतलं, काढलेली टिकली परत लावली, बांगड्या भरल्या आणि हसून म्हणाली, “कंपनीत गेलेत, आई. डबल ड्युटी हाय.” तेव्हापासून ती रोज हेच म्हणत आली. या सगळ्या धांदलीत तिचं रडायचं राहून गेलं, आणि पुढे रडू आलंच नाही.

“आज मी आईला खरं सांगणार,” दीपमाला म्हणाली. “पोटच्या पोराचं पान तिनं आपल्या हातानं वाढायला नको?”

“सांगा की. पर उद्या सकाळी त्या परत इचारतील, ताई. तवा तुम्ही नसाल.”

दीपमालानं खांद्यावरची बॅग खाली ठेवली. पण तिची मान ताठच राहिली.

भर दुपारी तिघी गच्चीवर गेल्या. कठड्यावर दोन पानं मांडली... एक सासऱ्यांचं, एक शिवराजचं. सासऱ्यांच्या पानाला कावळा लगेच शिवला. दुसऱ्याकडे ढुंकून पाहीना. आवडाबाईंनी कपाळावर हात धरून निरखलं.

“ह्ये दुसरं पान कोनाचं गं?”

दीपमालानं तोंड उघडलं. याच घटकेसाठी तर ती आली होती! पण आईचा तो निवांत, उन्हात चकाकणारा चेहरा समोर होता, आणि तिच्या तोंडून शब्द फुटेना.

“तुमच्या सासूबाईंचं, आई,” मंजुषा म्हणाली.

“आत्याबाईंचं व्हय!” म्हातारी खुदकन हसली. “जिवंत व्हत्या तवाबी आशाच रुसायच्या.” मग रीतीप्रमाणे, रुसलेल्या जिवाला वचन द्यायला म्हणून, तिनं पानापुढे हात जोडले. “आत्याबाई, जेवून घ्या. नातवाची काळजी करू नका. तुमचा लई लाडका ना? म्या हाय तवर शिवराजला काय बी कमी पडू देनार नाय. बायकोबी त्याला गुनाची भेटली... सुखात हाय तुमचा शिवराज!”

कावळा आला, वडा उचलला आणि उडाला. त्याला भूक लागली असेल, बाकी काही नसतं, असं मंजुषानं मनाशी म्हटलं. आवडाबाई मात्र कृतार्थ झाल्या. दीपमाला तोंडात ओढणी कोंबून पाण्याच्या टाकीआड पळाली.

सासूला खाली बसवून मंजुषा पुन्हा वर आली, तर नणंदेनं तिला मिठीच मारली.

“मला क्षमा करा, वहिनी! एवढी वर्षं स्टेजवर काढली... आणि माझ्या तोंडून एक वाक्य निघालं नाही हो!”

“तिथं पुढचं वाक्य ठाऊक असतंय, ताई. इथं त्या काय इचारतील, नेम नाय.”

“तुम्ही हे रोज करता? एकट्या?”

 त्या मिठीत मंजुषा लाकडासारखी उभी होती. खाली तापत ठेवलेली खीर बुडाला लागेल, एवढंच तिच्या मनात आलं.

जेवायला बसल्यावर आवडाबाईंचा घास हातातच थांबला.

“शिवराज जेवला का गं?”

मंजुषानं तोंड उघडलं. पण तिच्याआधीच दीपमाला बोलली. तिचा आवाज जरासुद्धा कापला नाही.

“जेवला ना, आई. आत्ताच फोन आलता त्याचा. खीर ठिव म्हनतो मला.”

“ठिव, ठिव! लई आवडती त्याला,” म्हणून आवडाबाईंनी समाधानानं घास खाल्ला.

मंजुषाच्या हातातला डाव तसाच राहिला. इतके दिवस असलं वाक्य रोज ती स्वतः बोलत आली होती. बोलताना चेहरा सांभाळायचा, आवाज सांभाळायचा, पुढच्या प्रश्नाची तयारी ठेवायची... ते ऐकायला तिला सवडच नव्हती. आज दुसरं कुणी बोललं, आणि ती पहिल्या रांगेतल्या बाईसारखी नुसती ऐकत बसली. तेव्हा ते तिला ऐकू आलं. शिवराज जेवला नव्हता. शिवराज आता कधीच जेवणार नव्हता!

ती उठली, आत मोरीशी गेली, नळ मोठा सोडला आणि भिंतीला टेकून खाली बसली. आणि मग तिच्या छातीतून जे बाहेर पडलं, ते नळाच्या आवाजात मावेना.

“कोन रडतंय गं?” बाहेर आवडाबाईंनी विचारलं.

“कुनी नाय, आई,” दीपमाला म्हणाली. “टीव्हीवर नाटक लागलंय.”

“मग आवाज बारीक कर की जरा.”

“ऱ्हाऊ दे, आई,” दीपमालानं आईच्या पानात आणखी खीर वाढली. “आजच्या दिवस मोठाच ऱ्हाऊ दे.”