नाळेची गाठ

लॉकडाऊनच्या त्या मे महिन्यात भर दुपारी गुणाबाई शाळेकडे निघाली, तेव्हा तिच्या हातात तेलाची शिशी होती आणि मनात, खोटं कशाला सांगू, आनंद होता. मिरची तोडायला तेलंगणात गेलेली मंजुषा दिवस भरत आलेल्या पोटानं चालत गावी परतली होती. नवरा तिकडंच अडकला होता. बाहेरून आलेल्यानं चौदा दिवस शाळेच्या खोलीत राहायचं, हा गावाचा नियम. आता तिला कळा लागल्या होत्या, दवाखान्याची गाडी यायला दोन तास होते, आणि गावात सुईण एकच उरली होती. गुणाबाई!

दुसरी होती बुधरी. तीस वर्षं गावानं आधी बुधरीलाच हाक मारली. ती कुठं अडकली असेल तरच गुणाबाईची आठवण. बाळंतिणीच्या खोलीत शिरली की बुधरी आधी दिसेल ती गाठ सोडायची. केसांची, गाठोड्याची, गोठ्यातल्या गाईची सुद्धा. "गाठ सुटली का बाई सुटते," म्हणायची. गुणाबाई वरवर हसायची आणि आतून जळायची, कारण बुधरीच्या हातचं एकही पोर दगावलं नव्हतं.

महिन्यापूर्वी बुधरी सिरोंच्याहून लेकीकडून आली ती अंग तापवूनच. उन्हाचा ताप आहे, हे गुणाबाईला हात लावताच कळलं होतं. सुईणीचा हात तो, त्याला कळणार नाही होय? तरी गावच्या बैठकीत तीच पहिली बोलली, "इले शाळेत कोंडा." कुलपाची किल्ली तिनं स्वतःच्याच पदराला बांधली. दुसऱ्या दिवशी बुधरी खिडकीतून म्हणाली, "गुणा, गाठ सोड वो." गुणाबाईनं पदर कमरेला खोचला आणि घरी गेली. तिसऱ्या दिवशी बुधरी मेली. रिपोर्ट मागून आला. कोरोना नव्हताच.

तीच खोली, तेच कुलूप. गुणाबाईनं ते काढलं आणि आत पाऊल टाकलं. मिरचीचा ठसका नाकात गेला. मंजुषा भिंतीला टेकून कण्हत होती.

"आलीस का बाई? त्या बाईनं कंबर चोळून देल्ली, मंग जिवाले बरं वाटलं."

"कोन बाई?"

"बुधरीबाई. तोंडाले पदर होता, पन हात वळखला मी. लय थंड हात..."

बुधरी गेल्याचं मंजुषाला कोणी सांगितलंच नव्हतं. गुणाबाईच्या अंगावर काटा आला, पण त्याच्याही आधी आला राग. मेली तरी हिचंच नाव! "कोनी नाई इथी," ती खेकसली, "कुलूप मी आत्ता काढलं." पण मंजुषाचे केस मोकळे होते. गाठोडं सुटून मिरच्या फरशीवर पसरल्या होत्या. भिंतीवरच्या नकाशाची दोरी सुटून लोंबत होती.

पोर आलं. मुलगी, चांगली खणखणीत रडली. गुणाबाईनं उकळलेल्या दोऱ्यानं नाळ आवळून बांधली आणि कापली. हात पुसून बघते तर दोरा ढिला, फडकं लाल. पुन्हा बांधली, तीन वेढे देऊन. तिच्या डोळ्यांदेखत गाठ सावकाश उकलली, कोणी बोटांनी सोडावी तशी. बुधरी वापरायची त्या मोहाच्या तेलाचा वास खोलीभर झाला. पोरीचं रडणं बारीक होत चाललं.

"बुधरीबाई..." गुणाबाईनं सुटता दोरा चिमटीत धरला. "लेकरानं तुयं काय बिघडवलं वो... बांधून दे. तूच बांधली म्हनून गावाले सांगीन मी... ताप उन्हाचा हाय हे कळूनबी मी कोंडलं, तेबी सांगीन..."

तिच्या बोटांवर दुसरी बोटं टेकली. थंडगार. गाठ बसली, ती बसलीच.

गाडी आली. नीलिमा नर्सनं फडकं उलगडून बघितलं. "बापा! अशी पक्की गाठ मी तर नाई पाहिली. कोनी बांधली?"

सारं गाव नाकाला फडकी लावून लांबून बघत होतं. बुधरीकडे बघायचं तसं, आज गुणाबाईकडे. तीस वर्षं या नजरेसाठी ती झुरली होती. बोलायचं एक होतं, जीभ वळली भलतीकडेच.

"मीच बांधली. दुसरं कोन हाय इथी?"

गाडीचं दार लागलं, मायलेकी निघाल्या. गुणाबाईच्या तोंडावरचं फडकं आपसूक घसरलं. मग अंबाडा सुटून केस पाठीवर आले. मग पदराची गाठ उकलली आणि किल्ली पायाशी पडली. आता उरली होती ती पोरीच्या नाळेची गाठ.

"थांबवा गाडी!" ती किंचाळत धावली. "बुधरीनं बांधली वो! बुधरीनं!"

लोकांना वाटलं, आनंदानं बाई येडी झाली. गाडी आत आल्यावर माणसांनी बाहेरच्यांना अडवायला वेशीवर लावलेला आडवा बांबू पुन्हा आवळून बांधला होता. गाडी अजून बरीच अलीकडे होती, आणि बांबूजवळ कोणी उभं नव्हतं. त्याची दोरी एकेक वेढा सुटत खाली येत होती.