संशयित इसमाच्या तीन फेऱ्या

"कोण आहे तिकडे? जागचं हलायचं नाही!"

ती हलली नाही. हलणार तरी कशी? दोन्ही हातांत ओली चादर, दातांत चिमटा. शेजारच्या डॉक्टरांच्या बंद घराच्या मागच्या अंगणात, भर सकाळी, एक खाकीतला तरुण तिच्यावर ओरडत होता. त्याच्या चेहऱ्यावर आयुष्यातला पहिला चोर रंगेहाथ पकडल्याचा आनंद नुसता ओसंडून वाहत होता.

तिनं दातांतला चिमटा काढला. "कपडे वाळत घालतेय."

"घर बंद आहे. मालक परगावी गेलेत. चौकीत बंद घरांची यादी आहे माझ्याकडे."

"ती यादी मीच करते," ती शांतपणे म्हणाली. "खालची सही बघा. वळणदार आहे ना, ती माझी."

त्यानं खिशातून कागद काढला, पाहिला, आणि त्याचे कान लालबुंद झाले. कालच बदलून आलेला नवा फौजदार तो! त्याला बिचाऱ्याला या गल्लीच्या चालीरीती कुणी सांगितल्याच नव्हत्या.

दोन वर्षांपूर्वी या गल्लीत एका महिन्यात तीन घरफोड्या झाल्या. तेव्हापासून रहिवासी आणि पोलीस चौकी मिळून 'शेजार-पहारा' चालवत होते. ज्याला गावाला जायचं त्यानं आधी कळवायचं. मग शेजाऱ्यांनी त्याच्या दारातलं वर्तमानपत्र उचलायचं, एखादी खिडकी उघडायची, घर नांदतं ठेवायचं. दोरीवर ओले कपडे घालायची कल्पना मात्र तिची.

फौजदारानं दोरीकडे बारकाईनं पाहिलं. "चादर, टॉवेल, टॉवेल, चादर... डॉक्टरसाहेब चादर गुंडाळून दवाखान्यात जातात का?"

"म्हणजे?"

"चोर मूर्ख नसतो, मॅडम. एखादा शर्ट तरी हवा."

"आमच्या घरात शर्ट घालणारं कुणी नाही," ती बोलून गेली, आणि मग उगाचच चिमटा पुन्हा दातांत धरला.

दुसऱ्या दिवशी तो कागदात गुंडाळलेले दोन शर्ट घेऊन दारात हजर! एक निळा, एक रेघांचा.

"सरकारी काम आहे," तो गंभीर चेहऱ्यानं म्हणाला.

"सरकारचं वरचं बटण तुटलंय."

"हो का? मग... सरकार आभारी राहील."

तिनं बटण लावलं. रोज सकाळी ते शर्ट भिजवून दोरीवर टाकताना आपण बाह्या जरा जास्तच वेळ सरळ करतो, हे तिच्या लक्षात यायला आठवडा गेला. लक्षात आलं तेव्हा तिला स्वतःचाच राग आला.

कारण तिनं मनाशी ठरवून टाकलं होतं — हे असलं काही आपल्यासाठी नाही.

ती पुस्तकं बांधायची. घराच्या पुढच्या खोलीत शिवणीचा दोरा, खळ, पुठ्ठे यांचा पसारा, आणि आतल्या खिडकीशी तिची आई. वडील जाऊन बरीच वर्षं झाली होती. तीन घरफोड्यांतली तिसरी यांच्याच घरातली. मायलेकी चार तासांसाठी एका लग्नाला गेल्या होत्या. परत आल्या तर कपाट उघडं आणि वडिलांच्या साऱ्या आठवणी गेलेल्या. त्या दिवसापासून आईनं उंबरा ओलांडला नव्हता. घर एकटं सोडायचं नाही, आणि स्वतः घरात एकटं राहायचं नाही; लेकीनं फार तर हाकेच्या अंतरावर जायचं. लेकीनं दुसऱ्या गावातलं चांगलं काम सोडलं, आलेली स्थळं न बघताच परत पाठवली. आईला तिनं कधी बोलूनही दाखवलं नाही.

एका दुपारी ती खळ लावण्यात गुंगली होती आणि बाहेर पावसाची सर कधी आली ते कळलंच नाही. कळलं तेव्हा ती तशीच पळत सुटली. भर पावसात कपडे दोरीवर म्हणजे घरात कुणी नाही असं ओरडून सांगणंच की! डॉक्टरांच्या अंगणात पोचते तो पलीकडून फौजदारही धापा टाकत आलेला. दोघांनी एकदमच निळ्या शर्टाला हात घातला...

वळचण अगदी अरुंद होती. खांद्याला खांदा लागू नये म्हणून दोघंही अंग चोरून उभे राहिले. पाऊस काही थांबायचं नाव घेईना. तिच्या बोटांना अजून खळ लागलेली होती आणि ती त्याच्या शर्टाला चिकटत होती.

"रविवारी माझी सुट्टी असते," तो पावसाकडे बघत म्हणाला. "तळ्यापर्यंत... म्हणजे, तुम्ही आलात तर... तासभर."

तिच्या तोंडातून 'हो' निसटणार होतं. तिनं ते गिळलं आणि आईचं सगळं सांगितलं. अगदी सगळं.

त्यानं मधे एकदाही तोंड घातलं नाही. मग एवढंच म्हणाला, "मग मीच येतो घरी."

"कशाला?"

"पहाऱ्याच्या कामाला."

आणि तो खरंच आला. आईसमोर एक कोरी वही ठेवून म्हणाला, "काकू, गल्लीत तुमच्याइतकं कुणाला दिसत नाही. जे दिसेल ते लिहायचं. वेळ, वर्णन, वागणूक. मी दर शनिवारी येऊन वाचीन, सही करीन."

"मला मेलीला पोलिसातलं काय कळतंय?" आई म्हणाली खरी, पण वही तिनं लगेच जवळ ओढली. निवृत्त होईपर्यंत ती रुग्णालयाच्या नोंदणीच्या खिडकीवर होती. नोंद म्हटलं की तिचा हात शिवशिवायचाच.

महिनाभरात आईचा नूर पालटला. एका मंगळवारी दुपारी पाण्याचे मीटर तपासणारे म्हणून दोघं गल्लीत आले. आईनं पाहिलं, मीटरकडे त्यांचं लक्षच नव्हतं, बघत होते ते कुलपांकडे. तिनं समोरच्या शिक्षिकाबाईंना फोन केला, बाईंनी चौकीला आणि शेजाऱ्यांना. बघता बघता पाच दारं उघडली आणि पाच जणांनी त्या दोघांची अगदी प्रेमानं चौकशी केली. दोघांनी काढता पाय घेतला, तो थेट कोपऱ्यावर उभ्या फौजदारापुढे. पिशवीत कटावणी निघाली. कुणाचं काही गेलं नाही. आणि हे सगळं बघायला आई कधी बाहेरच्या पायरीवर येऊन उभी राहिली, ते तिचं तिलाही कळलं नाही.

त्या शनिवारी फौजदार चहा पिता पिता वही मोठ्यानं वाचू लागला. समोर आई, आणि बाजूला ती, पुस्तकाची पाठ शिवत.

"'सोमवार, अकरा वाजता. भंगारवाला, नेहमीचा.' बरोबर. 'मंगळवार...' हे तर झालंच. अरे, आधीचं एक पान राहिलं. 'रविवार. साध्या वेशातला एक इसम. वय अंदाजे तीस, उंच. गल्लीत काहीही काम नसताना तीन फेऱ्या. दर फेरीला आमच्या घरासमोर बुटाची नाडी बांधतो. बुटाला...'" तो अडखळला. "'बुटाला नाडी नाही.'"

तिची सुई पुठ्ठ्यात अडकली.

"पुढे वाचा की," आई म्हणाली.

"'मागील तीनही रविवारी हाच प्रकार. नजर घरातील मुलीकडे. मुलीची नजर...'" त्याचा आवाज एकदम खाली आला. "'मुलीची नजर इसमाकडे. उद्देश विचारावा.'"

"आई!" ती किंचाळली.

"ओरडतेस काय? वेळ, वर्णन, वागणूक. जे दिसलं ते लिहिलं." आईनं चष्मा पुसला. "हं, साहेब. उद्देश काय?"

त्यानं कप खाली ठेवला. "चांगला आहे, काकू. आयुष्यभराचा आहे. पण त्या हो म्हणाल्या तरच... आणि तुम्हाला सोडून यायला त्या नाही म्हणाल्या, तर मीच याच गल्लीत खोली बघतो. मला चालेल."

तिनं मान वर केली नाही. "मला नाही जमायचं," ती कशीबशी म्हणाली. डोळे भरून आले होते आणि शिवणीचा दोरा दिसेनासा झाला होता. "आईला एकटं सोडून मी तळ्यापर्यंतसुद्धा..."

आई उठली. खुंटीवरची शाल घेतली, चपला शोधल्या. दोन वर्षांत न घातलेल्या, त्यामुळे त्या सापडायलाही वेळ लागला.

"कुठे निघालीस?"

"तळ्यावर. ऊन छान पडलंय. चला उठा, मला कुलूप लावायचंय."

कुलूप लावायला लेक पुढे झाली. पण लावलं आईनंच. मग रस्ता ओलांडून किल्ली शिक्षिकाबाईंच्या हातात दिली आणि म्हणाली, "घराकडे लक्ष असू द्या हो, आम्ही जरा बाहेर जातोय."

"जा निवांत," बाई म्हणाल्या. "मी आहे."

आई ताडताड पुढे निघाली. मागून ही दोघं.

"मगाशी तुम्ही काहीतरी म्हणत होतात," तो शेवटी हळूच म्हणाला. "जमायचं नाही, की असंच काही..."

"तुम्ही आता मला अहोजाहो करणं बंद करा," ती म्हणाली. "मग सांगते."

"बरं... सांग."

"हो," ती म्हणाली. "माझं हो आहे. पावसात विचारलंस ना, तेव्हापासूनच होतं."

पुढे आई कोपऱ्यावर वळली. घराकडे तिनं एकदाही मागे वळून पाहिलं नाही.