आमच्या बाकावर बसलेला पाहुणा

चर्चच्या दारातच आमची टक्कर झाली. लुईस बेटावरचा वारा त्या रविवारी नुसता पिसाळला होता. मी स्तोत्रांची पुस्तकं छातीशी धरून आत शिरत होते, तो टोपी सावरत मागून आला… आणि चार पुस्तकं फरशीवर! दोघंही एकदम वाकलो.

"माफ करा हं. मी पाहुणा. आत काय करायचं असतं?"

"गाताना बसायचं, प्रार्थनेला उभं राहायचं."

"आमच्याकडे असं नसतं!"

"आमच्याकडे म्हणजे?"

"बारा नावाच्या बेटावर. बंदरावरची क्रेन दुरुस्त करायला आलोय. मी फर्गस… कॅथलिक." आमच्या प्रोटेस्टंट चर्चच्या दारात शेवटचा शब्द तो इतक्या हळू म्हणाला, की जणू कोटात मांजर लपवून आणलंय.

"मी शोनॅग. फक्त गुडघे टेकू नका, म्हणजे झालं!"

पुस्तकं वाटून मी वळून बघते तर काय! पठ्ठ्या थेट आमच्या बाकावर, माझ्या जागेशेजारी! आमच्या गावात लग्नाचा मुलगा मुलीच्या घरच्या बाकावर बसला, की लग्न ठरलं. वेगळं सांगावं लागत नाही. त्या बिचाऱ्याला काय ठाऊक! मी गुपचूप जाऊन बसले. बाबा चर्चच्या ज्येष्ठ पंचांपैकी एक, त्यामुळे ते पुढे, आमच्याकडे तोंड करून बसलेले. त्यांच्या भुवया पार वर गेल्या होत्या.

एकाने स्तोत्राची ओळ उचलली आणि सगळं चर्च तिच्यामागे गाऊ लागलं. फर्गस गायचं विसरून ऐकतच राहिला.

"वाद्य नाही?" तो कुजबुजला.

"श्श… नसतं."

"नाही तेच बरंय."

प्रवचन सुरू होताच रिवाजाप्रमाणे पेपरमिंटच्या गोळ्या फिरल्या. मी त्याला एक दिली, तर मागच्या बाकावरच्या बायकांना एकदम खोकला आला.

बाहेर आल्यावर मी त्याला सगळं सांगितलं. तो कानापर्यंत लाल झाला.

"अगं, मग उठवलं का नाहीस मला?"

"भर उपासनेत?"

"तेवढंच कारण?"

मी तिथून पळून आले, खरं तर.

आठवडाभर तो मी काम करते त्या दुकानात येत राहिला. एकदा काडेपेटी, एकदा बिस्किटं, मग पुन्हा काडेपेटी! हसायचा, चिडवायचा, पण त्या बाकाबद्दल एक अक्षर नाही. घरी आम्ही दोघंच, मी आणि बाबा. "पोरगा बरा आहे, पण कॅथलिक आहे तो," एवढंच बाबा म्हणाले. शुक्रवारी फर्गसने सांगितलं, काम संपलं, सोमवारच्या बोटीने निघणार. मी मनाशी ठरवलं: रविवारी तो आमच्या बाकावर बसला, तर त्याच्या मनात मी आहे. नाहीतर… नाही.

रविवारी तो आला. माझ्याकडे बघितलं आणि सरळ शेवटच्या बाकावर जाऊन बसला, दाराजवळ. मला रडू आवरेना. स्तोत्रांचं पुस्तक मी तोंडासमोर धरून ठेवलं.

उपासना संपली. सगळा गाव बाहेर रेंगाळत असताना फर्गस टोपी हातात घेऊन थेट बाबांसमोर उभा राहिला.

"मागच्या वेळी न विचारता बसलो. आता विचारून बसायचंय. मला शोनॅग आवडते."

"मग मला काय विचारतोस? तिला विचार."

"तिलाच विचारतोय… तुमच्या देखत."

गावचे सगळे डोळे माझ्यावर! मी म्हटलं, "मला तू त्याच दिवशी आवडलास. म्हणून तर उठवलं नाही."

बाबांनी हातातली टोपी डोक्यावर घातली. मग म्हणाले, "रविवारी आमच्याकडे कामाला हात लावत नाहीत. बटाटेसुद्धा आम्ही शनिवारीच सोलून ठेवतो."

"हो… माहीत आहे," फर्गस गोंधळून म्हणाला.

"काल मी तिघांचे सोललेत. चल जेवायला."